घड्याळातले सेल

कुंदाताईच्या हळदीची कॅसेट
तिच्या मुलीच्या हळदीत वाजवायची आहे.
जयदीप म्हणतो, मामा, खाली बीट टाक,
एकशेवीसच्या खाली हल्ली कोणी नाचत नाही.

वेसाव्यात बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली.
खाली लाद्या फुटतात, टेबल हलतं,
म्हणून कानांवर हेडफोन, आणि पोटासाठी
मालिकांची कामं: दाराची कडी, बांगड्या,
रागावलेल्या सासूची पावलं.

आज स्क्रीनवर चांगुणाआत्या.
हिरवी, केसाळ, आडवी पसरलेली.
धवला गातेय. मागे कुणीतरी
ताटावर चमचा वाजवतंय.
चमच्याची टोकं मोजून सॉफ्टवेअर सांगतं:
चौऱ्याण्णव पूर्णांक सदतीस.

ही सरासरी.
एक पाय लादीवर, एक चुलीत,
म्हणजे माणूस कोमट.

मी हाताने मोजलं.
सुरुवातीला अठ्ठ्याऐंशी.
हळद कुटायला बसतात तिथे नव्वद,
नवऱ्याच्या आईचं नाव येतं तिथे त्र्याण्णव,
मग पंच्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव,
आणि चार मिनिटं अकरा सेकंदांवर
खट्,
पुन्हा अठ्ठ्याऐंशी, जशी काही झालंच नाही.

आत्या घाई करायची, मी धरून चाललो.
तिला परतायचं असेल, मासळी सोडवायची असेल,
किंवा वयच तसं. मग कुणी दटावलं असेल.

तीन रात्री मी तिला ग्रिडवर ठोकत होतो.
प्रत्येक चमच्याला एक खिळा,
प्रत्येक खिळा रेघेवर.
सूर तसाच ठेवून लय ओढली
तर तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यायला लागला.
जयदीपला ऐकवलं. म्हणाला, भारी वाटतंय, रोबो.

मग एकदा सहज पेटी काढली.
काळी एकमध्ये सुरू करते,
अठ्ठ्याण्णवला पोचते तेव्हा
काळी दोनच्या उंबरठ्यावर.
लय आणि सूर बरोबरीने चढतात,
एकमेकांचा हात धरून.
माणूस असं करत नाही.
माणसाचं एक काहीतरी निसटतंच.

ताईला फोन केला.
ती हसायलाच लागली.

"अरे, सेल मेले होते रेकॉर्डरचे.
दोन पेन्सिल सेल. दुकानं बंद.
बाबांनी स्टुलावर चढून
भिंतीवरच्या घड्याळातला काढला,
दुसरा गजराच्या घड्याळातला.
मी पाटावर, डोळ्यांपर्यंत माखलेली,
समोर घड्याळ अकराला दहा कमी.
सकाळपर्यंत तेवढेच.
लग्नाची वेळ आम्ही
शेजारच्या मेरी फर्गोजला विचारत होतो."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ
काहीच ऐकलं नाही. लाद्यासुद्धा नाही.

म्हणजे आत्या चालत होती तशीच चालत होती.
दमत होती ती टेप. दमून
हळू फिरत होती, आणि जे हळू टिपलं
ते आज माझ्याकडे धावत येतंय.

सगळे खिळे उपटले.
सूर राखण्याचं बटण बंद केलं.
जिथे यंत्र जेवढं खचलं
तिथे तेवढंच तिला मागे आणलं,
लय आणि सूर एकदमच.
आवाज जाड झाला, खाली बसला.
तंबाखू आला त्याच्यात.
अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.
चमचासुद्धा.

जयदीप दारात उभा. "मामा, एकशेवीस?"
म्हटलं, बस. ऐक.
दीड मिनिट ऐकलं त्याने, बूट न काढता.
मग म्हणाला, ह्याच्यावर नाचायचं कसं?
ते मला माहीत नाही.
तिच्यानंतर तुझी गाणी लाव, म्हटलं, रात्रभर.

फक्त ते खट् मी ठेवलंय,
चार मिनिटं अकरा सेकंदांपाशी,
आता ते थोडं पुढे सरकलंय.
हळदीत कुणाला कळणार नाही.
ताई वर बघेल,
भिंतीकडे.