उलट दिशेनं

रिपोर्टावर दोनशे अडुसष्ट.
लॅबमधली पोर म्हणाली,
“काका, रक्ताचं पाणी वेगळं केलं ना,
तर ते दुधासारखं दिसत होतं.”
म्हणजे नारळाच्या पहिल्या रसासारखं,
मी मनात म्हटलं.
तीस वर्षं खोबरेल घाण्यावर बसलोय,
दाट रस मला कोण शिकवणार?

बस्त्यावनं रिपोर्ट काढलाच नव्हता.
गेल्या मार्चात रापण ओढता ओढता
“वायच दम खातंय” म्हणत
वाळूत बसला.
बावन्न वर्षांचा.
त्याच्या घरी तेल माझ्याच घाण्याचं जायचं,
हे मला कुणी बोलून दाखवलं नाही.

वैद्य आरोलकर बाईंचा दवाखाना उभादांड्यात,
काजूच्या वखारीसमोर.
नाडी पाहिली, जीभ पाहिली,
मग विचारलं, “दुपारी किती झोपता?”
“दुकान बंद असतं तोवर.”
“म्हणजे एक ते चार,” त्यांनी लिहिलं,
आणि तीन तासांखाली रेघ मारली.
मी घाईघाईनं म्हटलं, डॉक्टरांची गोळी बंद करतो.
“अजिबात नाही.
मी त्या गोळीशी भांडायला बसलेले नाही.”

अर्जुनाच्या सालीचा काढा, रोज सकाळी.
होडीची जुनी फळी मी कधी चाटलेली नाही,
पण चाटली तर अशीच लागेल.
रात्री त्रिफळा.
आणि पंधरा दिवस रवळूच्या हाताखाली
उघड्या अंगानं लाकडी बाकावर.
कुळथाचं पीठ, कोरडं,
ज्याची पिठी आम्ही पावसाळाभर भातावर ओततो तेच,
पोटऱ्यांपासून वर, केसांच्या उलट,
सालपट निघेल असं चोळायचा.
“रे, थोडं तेल तरी लाव!”
“तेलवाल्याक तेल कित्याक?”
पीठ जमिनीवर सांडायचं
आणि मुंग्या रांगेनं यायच्या,
माझी चरबी न्यायला आल्यासारख्या.

डिसेंबरात दुकानातल्या बाटल्या थिजल्या.
पांढऱ्या, गळ्यापर्यंत गच्च.
दरवर्षी मी त्या पायरीवर उन्हात ठेवतो,
यंदा पहिल्यांदा
एक उचलून बराच वेळ बघत बसलो.

चालायचं ते अर्ध्या बळानं,
कपाळाला घाम आला की पुरे, असं बाईंचं माप.
मी सागरेश्वराच्या पुळणीवर जायचो,
रापणीवाल्यांपासून लांब, ओल्या वाळूतून.
एका सकाळी हाक आली,
“रे तेलवाल्या, बघीत कित्याक रवलंस?
धर दोरी!”
डाव्या दोरीवर तिसरी जागा मोकळी होती.
ती कुणाची, हे कुणी म्हणालं नाही.
मीही विचारलं नाही.
दोर कमरेला, तोंड समुद्राकडे,
आणि टाच रोवून एकेक पाऊल मागे.
घाम कपाळावर थांबला नाही,
मानेवरून पाठीत उतरला.
बाईंचं माप त्या दिवशी चुकलं.
तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी दोरीवर असतो.
मध्येच सोडून बसतो,
तेव्हा सगळे एकदम माझ्याकडे बघतात.

वाट्याला अकरा बांगडे आले होते.
घरी रतननं सवयीनं नारळाची कवड उचलली,
खवणीपर्यंत नेली,
आणि परत ठेवली.
तिरफळं ठेचली, सोलं टाकली, हळद, मिरची.
“तिखलंच करतंय,” म्हणाली, भिंतीकडे बघत,
जसं काही तिनंच कुणाला तरी फसवलं होतं.

मार्चात दोनशे एकवीस.
“अजून,” बाई म्हणाल्या. बस्स, तेवढंच.
(चतुर्थीतला एक मोदक,
घाण्याखालचे खोबऱ्याचे चार तुकडे,
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.
जीभ बघून त्यांना कळत असणार.)

काल रोझालिन दुकानात आली, काळ्या कपड्यात.
आधी लिटर न्यायची.
“अर्धो पुरे.”
मी वरच्या फळीवरची बाटली काढायला हात उंचावला,
गंजीफ्रॉक वर सरकला.
ती पैसे मोजता मोजता थांबली.
“कमरेर वळ इलो तुज्या,” म्हणाली.
मग बाटली पिशवीत ठेवत,
पायरी उतरता उतरता,
“बस्त्यावाच्या पण होतो.
थंयच.”