मातीचा भांग

आयोवात एप्रिल अजून गारठलेला.
व्हर्लिन यान्सेन मक्याच्या जुन्या धसकटांत
गुडघे टेकून थर्मामीटर खुपसतो :
अठ्ठेचाळीस.
अजून दोन हवेत.

कुंपणापलीकडे बहीण, मार्लिस.
तिने हिवाळ्याआधीच वीतभर रुंद पट्टे मोकळे केलेले,
मधली जमीन तशीच झाकलेली.
तिथे त्रेपन्न. तिचं पेरून झालंय.

"भांग पाडलास मातीचा," तो म्हणतो.
"तू तर विंचरतच नाहीस," ती.

तो फावड्याने एक ढेकूळ उचलतो,
कुंपणावरून तिच्या ओंजळीत देतो.
ती फोडते.
भोकंच भोकं, मुळांच्या मोकळ्या वाटा,
आणि उजेडाला वैतागलेलं एक गांडूळ.

मार्लिस वास घेते. काही बोलत नाही.
खाली वाकून
गांडूळ सोडते,
कुंपणाच्या आपल्या बाजूला.