कोडगे

सिनावच्या बाजारात गुरुवारी
शेळ्या गोल गोल फिरवतात.
विकणारा दोरी धरून पुढे,
घेणारा वाकून कास चाचपतो.
मी सगळ्यांच्या मागे, हातात कापसाची काडी.
माझं काम शेपटीखालचं.

आजारी आहे का? हमूद बिन सालिम विचारतो.
करामत त्याचं अरबी माझ्यासाठी हिंदीत आणतो.
नाही, ठणठणीत आहे,
म्हणूनच हवी.
हे मात्र करामत उलट नेत नाही. नुसता हसतो,
आणि बादलीत पिवळी पूड ढवळतो.
उन्हाळ्यात एक चमचा, थंडीत दोन.
कशासाठी?
काही होऊ नये म्हणून.

मस्कतच्या रस्त्याला बर्फाच्या डब्यात
छत्तीस काड्या. बाहेर सेहेचाळीस अंश.

थाळीवर जंतू पसरायचे, साय धरावी इतके पातळ.
वर औषधांच्या चकत्या, टिकलीएवढ्या.
रात्रभरात प्रत्येक चकतीला खळं पडायला हवं,
चंद्राला पडतं तसं.
सकाळी पट्टी लावून मोजायचं.

सतरा नंबर.
टेट्रासायक्लिन: खळं नाही.
अँपिसिलिन: नाही.
तिसऱ्याला पट्टी लावलीच नाही.
जंतू चकतीला अगदी टेकून बसलेले,
पंगत उठल्यावर भिंतीला टेकतात तसे.

सतरा नंबर म्हणजे ती तांबूस, कापल्या कानाची,
जिनं माझ्या फॉर्मचा कोपरा खाल्ला.
डोळे स्वच्छ, लेंड्या घट्ट, अंगावर तकाकी.
तिला यातलं काही ठाऊक नाही.
पोटात कोण दाद देईनासं झालंय
ते पोटाला कळत नाही.

अहवालात लिहायचा शब्द मोठा आहे.
मला आईचाच आठवतो.
धाकट्याला ती म्हणायची,
मारून मारून कोडगा झालाय मेला.
मारणारा हात तिचाच होता,
हे तिनं कधी जोडून पाहिलं नाही.
मी तरी कुठे?
दाढेसाठी पाच दिवसांच्या गोळ्या होत्या.
तिसऱ्या दिवशी ठणका थांबला.
उरलेल्या अजून ड्रॉवरमध्ये आहेत,
चाव्यांच्या खाली.

करामतला फोन केला. सतरा नंबर?
विकली. बरक्याचा कोणी घेऊन गेला.
भाव चांगला आला.
का, काही निघालं का तिच्यात?
बरी होती ना?

बरी होती, म्हटलं.

फॉर्म स्कॅन केला.
प्रकृती: उत्तम.
खाल्लेला कोपरा
पडद्यावर काळा येतो.