भिंतीपलीकडचां

वायरी, रात्रीचे अकरा.
साईश खोबरेकर दोन दिवसांत एकदाही मेलेला नाही.
भिंतीआडची माणसं त्याला लाल दिसतात:
उकिडवी, श्वास धरून,
आपण लपलोय अशा समजुतीत.

बापूस रापणीचं भोक सांधतोय.
"भिंतीपलीकडचां कसां दिसता रे तुका?"
"हॅक असा. तीनशे रुपये."
"आणि तेंका?"
"तेंका नाय."

सुई थांबते.
दारातून दिसतं,
किल्ल्यामागे एलईडीवाल्या बोटी पेटल्यात,
काळोखाचा तेवढाच तुकडा पांढराफटक,
आणि तळातली मासळी भुलून वर.
रापण चार दिवस रिकामी.

"मगे खेळतंस कित्याक?"

उत्तर येत नाही.
पडद्यावर, जिन्याखाली,
एक लाल माणूस बंदूक भरतोय.
साईश त्याला भरू देतो.