मागची बाजू

आयगिलला आठ हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नसे.
एकतीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत काढलेली,
माशांच्या बदल्यात समुद्राने
कानांतला वरचा मजला रिकामा करून घेतला.
हे तो अशा सुरात सांगायचा
की जणू एक दाढ पडली, एवढंच.

त्या हिवाळ्यात थ्यूबोरॉनमध्ये
वरच्या घरातली मी, तेरा वर्षांची,
दर मंगळवारी शाळेतून थेट त्याच्या गॅरेजात.
हात त्याचे, कान माझे,
मोबदला दालचिनीचा एक पाव.

बर्चचं प्लायवूड, अठरा मिलिमीटर,
बोटी बांधणाऱ्या पौलकडचं उरलंसुरलं.
कडेला थर मोजले मी. तेरा.
सांध्यातून सरसाचे मणी बाहेर आले की तो खूश,
"पोट भरलं सांध्याचं."
अकरा क्लॅम्प, त्यातले सात उसने,
आणि पौल रोज विचारायचा, कधी देतोस.

मग बोटाच्या पेराने पेटी ठोकायची,
आत कुणी आहे का विचारल्यासारखी.
आतून ओ आली तर वाईट.
"पेटीने बोलायचं नाही. बोलेल तो कागद."
म्हणून मधे एक आडवी पट्टी चिकटवली,
आणि पोटात लोकर, त्याच्या बहिणीच्या मेंढ्यांची,
तीनदा धुतलेली, तरी
खालचा सूर जोरात लागला की मागच्या भोकातून
थोडीशी मेंढी येते. अजूनही.

ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशे वीस,
दोनशे चाळीस, चारशे.
आकडा वाढतो तसा घासण्याचा आवाज बारीक होतो.
चारशेचा त्याला ऐकूच यायचा नाही,
तो तळवा फिरवायचा आणि लाकडालाच विचारायचा.
जवसाच्या तेलाचे बोळे पाण्याच्या बादलीत,
नाहीतर रात्री आपोआप पेट घेतात.
इतकं मऊ, इतकं गप्प पडलेलं काही
नुसतं पडल्या पडल्या जळू शकतं,
हे मला तेव्हा कळलं.

पहिल्यांदा दोन्ही जोडले
तेव्हा तबकडीवर कुणी बाई गात होती,
सोबतीला फक्त डबलबास.
"बाई घरात नाहीये," मी म्हटलं.
"भिंतीत आहे, छतात आहे, माझ्या मानेमागे आहे,
पण उभी कुठेच नाही. आणि बासला पाय नाहीत."
आयगिलने टॉर्चमधला सेल काढला,
तारा टेकवल्या.
डावा पडदा पुढे आला.
उजवा मागे सरला.
"संसारात होतं असं," तो म्हणाला,
हसला नाही,
आणि उजवीकडच्या लाल-काळ्याची अदलाबदल केली.

बाई आली.
दोन पेट्यांच्या बरोब्बर मधे,
जिथे नुसता हीटर होता
आणि हीटरवर वाळत घातलेले त्याचे मोजे.

पुढचे पाच मंगळवार ट्वीटरचे.
रेशमाचा एवढासा घुमट,
त्याच्यासाठी जवळजवळ मुकाच.
तो रेझिस्टर बदलायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा.
"आता?"
"स टोचतोय."
राळेचा वास, सोल्डरचा धूर.
"आता?"
"आता वाळू."
"आता?"
मी बराच वेळ काही बोलले नाही.
"प्रत्येक ओळीआधी ती श्वास घेते."
"कुठे?"
तबकडी मागे नेली. "हा. आणि हा."
तो पुढे वाकला, डोळे मिटले,
माझ्या बोटाबरोबर मान हलवत राहिला
जिथे त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

मग वहीत पेन्सिलीने,
रेझिस्टरच्या आकड्याखाली:
श्वास ऐकू येतो. (टिल्डेला.)
तारीख.

मला वाटलं, संपलं.
तर हा पेट्या फिरवून तेलाचा डबा उघडतो.
"मागे कोण बघणार आहे?"
"भिंत," आयगिल म्हणाला,
आणि ब्रश माझ्या हातात दिला.