खराब भाग

लॅमिंग्टन रोडच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
माझ्याकडे दोन व्हीसीआर आहेत, अजून चालणारे.
तिसरा पोटातले अवयव या दोघांना देत देत
टेबलाखाली पडून आहे.

माहीमच्या चुरीबाई आल्या.
बेकरीच्या पिशवीत पाच कॅसेटी,
त्यांवर निळ्या शाईत मिस्टरांचं अक्षर:
‘मिथिलाचं बारसं’, ‘केळवे’, ‘नवीन फ्रिज’,
एकीचं लेबल उंदराने खाल्लेलं,
एकीवर नुसतंच ‘पुसू नये’.

झडप उघडली तर फितीवर पांढरी बुरशी,
विसरलेल्या खोबऱ्याच्या वाटीवर धरते तशी.
समुद्र जवळ असला की होतं असं, मी म्हणालो.
तो लांब कधी होता, त्या म्हणाल्या.

पावती फाडली. तासाला साडेतीनशे.
खाली छापलेलंच आहे:
‘खराब भाग कापून देऊ. जादा आकार नाही.’

तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते.
तोवर मी डबा खातो, परक्यांच्या घरात बसतो.
मला ठाऊक असतं कुणाच्या आत्याने
कोणत्या वर्षी केस काळे करायचे सोडले,
कुठल्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं नाही.
वाढपी माझ्यासमोरून सरळ पुढे जातो.

‘पुसू नये’मध्ये बारसं नव्हतं, लग्न नव्हतं.
एक खिडकी. पडदा. चुरीबाईच, तिशीतल्या,
तळहाताने लेन्स झाकताना: ‘अहो, पुरे!’
कोपऱ्यात चुकीची तारीख,
एक जानेवारी, आणि बाहेर आंब्यांच्या पेट्या.
मग बटण दाबायचं राहून गेलं असावं.
कॅमेरा खांद्याला लटकलेला,
जिना उलटा, मग आडवा,
रबरी चप्पल, डावीचा अंगठा तारेने बांधलेला,
शाळेच्या भिंतीचा पाया,
मासळीच्या पाटीखालून निथळणारं पाणी,
हलव्याच्या भावावरून कुणाशी तरी हुज्जत,
मग कुणीच नाही, नुसतं चालणं,
नाकातल्या नाकात गुणगुणणं,
थोडं बेसूर, मध्येच खोकला.
अकरा मिनिटं.
मी कापली.

शनिवारी चुरीबाईंनी इथेच स्टुलावर बसून सगळं पाहिलं.
बारशाला हसल्या. फ्रिजपाशी म्हणाल्या,
पहिल्या दिवशी ठेवायला काहीच नव्हतं,
पाण्याची एक बाटली आणि ओच्यातला मोगरा.
मग विचारलं,
हे कुठेच नाहीत का?

कॅमेरा त्यांच्याच हातात, बाई.
जो काढतो तो येत नाही.
मान हलवली. पर्स उघडली.
नोटा मोजताना सहज म्हणाल्या,
मस्कतहून आणला होता हो.
सहारला कस्टमवाल्याने इतकं उभं केलं,
पाय सुजवून घरी आले.

पाय.

बाई, पाच मिनिटं बसा, मी म्हणालो
आणि स्क्रीनवरची कचरापेटी उघडली.
रोज रात्री रिकामी करतो मी ती,
शुक्रवारी दिवे गेले म्हणून राहिली होती.

जिना उलटा आला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत.
चप्पल आली.
‘ही मी तीनदा फेकली होती,’ म्हणाल्या,
‘तीनदा उकिरड्यावरून उचलून आणली यांनी.’
हलव्याच्या भावाला त्या मासळीवालीच्या बाजूने होत्या.
गुणगुणणं सुरू झालं, तर म्हणाल्या आवाज वाढवा.
खाली कुणीतरी स्पीकर तपासत होतं,
हॅलो, हॅलो, वन टू,
मी उठून खिडकी लावली.

फाइलला नाव काय देऊ, विचारलं.
दिलेलं आहे ना, त्या म्हणाल्या,
आणि पेनड्राइव्ह रुमालात बांधून
कमरेला खोचला, किल्ल्यांशेजारी.

पावतीपुस्तकं अजून बरीच उरलीत, हजार छापून घेतली होती.
ती खालची ओळ मी पेनाने खोडतो.
घाईच्या दिवशी राहून जाते.