श्वास धरून ठेवा

मी इलारियो. एक्स-रे काढतो.
डॉक्टर बेनिग्ना युक्रा आल्या त्या वर्षी
दवाखान्यातली प्रकाशपेटी बंद होती.
फिल्म त्या खिडकीला धरायच्या.
मागे डोंगर, चांदी उपसून पोकळ झालेला.
फासळ्यांतून आरपार दिसायचा तो,
आणि कुठली खडी डोंगराची, कुठली माणसाची,
हे त्या बोट ठेवून सांगायच्या.

चार हजार मीटरवर हवा मोजून मिळते.
खाणवाले रांगेत, गालात कोकाची पानं.
मी ओरडायचो : श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
त्या कागदावर टक्के लिहायच्या.
चाळीस. पंचावन्न.
एकदा लिहून झाल्यावर पेन असं झटकलं,
जणू शाईचाच गुन्हा होता.

मग विद्यापीठानं बोलावलं.
कुलगुरूंच्या खुर्चीतून पाय जमिनीला टेकेनात,
शिपायानं खाली वीट सरकवली.
पोरांनी संप करून फाटक अडवलं, तेव्हा
रात्रभर त्यांच्याच शेकोटीला बसल्या.
सकाळी मागण्या निम्म्या मान्य,
आणि खोकणारे तिघे माझ्याकडे रवाना.

नंतर निवडणूक. भिंतीभिंतीवर चेहरा,
गारांनी नाक उडवलेला.
चार मीही चिकटवले, खोटं कशाला बोलू.

ला पाझला कायदा झाला :
भरपाई पन्नास टक्क्यांच्या पुढे.
वर झालेल्या हातांत त्यांचा हात होता.
"ते साठ म्हणत होते, इलारियो.
दहा मी खाली ओढले."

माझा भाऊ सत्तेचाळीस होता.
त्यांच्याच अक्षरात.

मी काही बोललो नाही.
बटाटे काढायचे होते, भाऊही पुरायचा होता.

परवा आल्या. गाडी नाही, माणसं नाहीत,
शाल एका खांद्यावरून घसरलेली.
"रांगेतच थांबते," म्हणाल्या. थांबल्या.
थंड पत्र्यावर हनुवटी टेकवली.
काचेआडून मी म्हटलं :
श्वास घ्या.
धरून ठेवा.

पुढचा शब्द
मला लगेच सापडला नाही.

"सोडा," म्हणालो शेवटी. खोकल्या बराच वेळ.

प्रकाशपेटी हल्ली चालते.
तरी फिल्म मी खिडकीलाच धरली.
आईशेजारी बसून खडे फोडणारी एक पोर
तिथं अजून होती, दोन्ही फुप्फुसांत, बारीक बारीक.
"किती?" त्यांनी विचारलं.
टक्के मी लिहीत नाही, डॉक्टर.

त्यांनी माझ्या हातातून फिल्म घेतली,
डोळे बारीक केले,
आणि सवयीनं
आधी डोंगर बाजूला काढला.